सोसायटीच्या कमिटीची मुदत पाच वर्षंच का, आणि एकच माणूस किती वेळा चेअरमन राहू शकतो?

फोंडा_बी३०४

नमस्कार सगळ्यांना. मी फोंड्याला राहते, आमची मेंटेनन्स सोसायटी आहे, तीन बिल्डिंगा मिळून ३६ फ्लॅट. २०१५ ला रजिस्टर झाली, पहिली निवडणूक २०१६ ला, दुसरी २०२१ ला आणि आता सप्टेंबरात परत मुदत संपतेय. चेअरमन पहिल्यापासून एकच आहेत, हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. बिल्डरकडून डिपॉझिटचे पैसे सोडवून आणले ते सरांनी, कंपाउंड वॉल घातली ती सरांनी, पाण्याच्या कनेक्शनसाठी वर्षभर ऑफिसचे उंबरठे झिजवले ते पण त्यांनीच. त्यांच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही हे आधीच सांगते.

पण गेल्या पावसाळ्यात सरांची बायपास झाली आणि नंतर दोन महिने ते मुलीकडे बेळगावला होते. चेकवर सही चेअरमन आणि खजिनदार दोघांचीच चालते, तिसरं नाव बँकेत दिलेलंच नाही. लिफ्टच्या मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट नेमकं त्याच वेळी संपलं, पैसे गेले नाहीत, आणि लिफ्ट बिघडल्यावर माणूस येईना. २३ दिवस लिफ्ट बंद. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यांना ड्रेसिंगला न्यायचं म्हणजे खालच्या दुकानातली दोन मुलं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवायची आणि परत वर आणायची, तेही ओल्या जिन्यावरून. तेव्हा त्या रडल्या होत्या, ते मी अजून विसरलेली नाही. यात सरांची चूक नाही, पण सगळं एकाच माणसावर टांगलेलं होतं हे मात्र खरं.

आता मला सेक्रेटरी हो म्हणतायत. मी कुंडईला एका कारखान्यात अकाउंट्स बघते त्यामुळे हिशोबाची भीती नाही, पण पाच वर्षं म्हणजे फार झाली, माझा मुलगा आता आठवीत आहे तो तोपर्यंत कॉलेजला जाईल. तर मला विचारायचंय की ही पाच वर्षं सक्तीची आहेत का, आम्ही बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, दोन किंवा तीन करू शकतो का, मध्येच सोडलं तर काय होतं, आणि एका माणसाने सलग किती वेळा चेअरमन राहावं याला काही मर्यादा आहे का. सरांना दुखवायचं नाहीये, म्हणूनच आधी नीट समजून घ्यायचंय. फ्लॅट सासरे आणि नवरा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे मी उभी राहू शकते की नाही ते पण सांगा.

निवृत्त_लेखापरीक्षक

ताई, माझी नोकरी सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात गेली, जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. सगळ्यात आधी रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट कपाटातून काढून बघा, कारण गोव्यात ‘सोसायटी’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. सहकार कायद्याखालची हाऊसिंग सोसायटी असते, सहकार कायद्याखालचीच मेंटेनन्स सोसायटी असते जिथे सेल डीड प्रत्येकाच्या नावावर राहतं आणि सोसायटी फक्त सामाईक गोष्टी सांभाळते, आणि काही ठिकाणी १८६० च्या सोसायटी रजिस्ट्रेशन कायद्याखालचं नुसतं असोसिएशन असतं. असोसिएशन असेल तर मुदत त्यांच्या स्वतःच्या नियमांत लिहिलेली असते, एक वर्ष असो की तीन, फक्त दरवर्षी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कमिटीची यादी रजिस्ट्रारकडे द्यायची असते आणि ती बहुतेक जण देत नाहीत.

तुमची मेंटेनन्स सोसायटी म्हणजे सहकार कायदा. आपल्याकडे आधी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा चालायचा, नंतर गोव्याचा स्वतःचा २००१ चा आला. मग ९७ वी घटनादुरुस्ती झाली, १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू, त्यात संचालक मंडळाची मुदत निवडणुकीच्या तारखेपासून पाच वर्षं, पदाधिकाऱ्यांची मुदत पण मंडळाबरोबरच संपणार, जास्तीत जास्त २१ संचालक, दोन जागा महिलांसाठी आणि एक अनुसूचित जाती-जमातीसाठी असं सगळं ठरवून दिलं, आणि राज्यांना आपापले कायदे जुळवून घ्यायला एक वर्ष दिलं. म्हणून गोव्याच्या कायद्यात पण पाच वर्षं आली. पुढे २० जुलै २०२१ ला सुप्रीम कोर्टाने त्या दुरुस्तीतला सहकाराचा भाग राज्यातल्या सोसायट्यांपुरता रद्द केला कारण निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी घेतलेली नव्हती. तेव्हा बऱ्याच जणांनी मला फोन करून विचारलं की मग पाच वर्षं पण गेली का. नाही गेली. कोर्टाने घटनेतला भाग काढला, राज्याचा कायदा जागच्या जागी आहे.

त्यामुळे बायलॉजमध्ये दोन वर्षं घालून चालणार नाही, कायद्याच्या विरुद्ध जाणारी दुरुस्ती निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे, नोंदच होणार नाही आणि नोंद झाल्याशिवाय बायलॉजची कुठलीच दुरुस्ती लागू होत नाही. पण एक लक्षात घ्या, पाच वर्षं ही मंडळाची मुदत आहे, तुमच्या पायातली बेडी नाही. लेखी राजीनामा देऊन कधीही बाहेर पडता येतं. उरलेली मुदत निम्म्याहून कमी असेल तर कमिटी त्याच गटातला दुसरा सभासद नेमून जागा भरू शकते, ही पण त्या दुरुस्तीतून आलेली तरतूद. म्हणजे अडीच वर्षं ओलांडून तुम्ही सोडलंत तर पुढच्या माणसाला आणणं सोपं जातं. त्याच्या आधी सोडलंत तर जास्त खटपट.

उभं राहायला मात्र सभासद रजिस्टरमध्ये तुमचं नाव हवं. सासरे पहिलं नाव, नवरा दुसरं, मग तुम्ही आज तरी सभासद नाही. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड चालतो, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा धरतात, त्यामुळे बायका समजतात की आपण आपोआप सभासद. सोसायटीला ते चालत नाही, अर्ज करून नाव रजिस्टरला लावून घ्यावं लागतं, आणि जॉइंट असेल तर मत कुणी द्यायचं आणि निवडणुकीला कुणी उभं राहायचं ते तुमच्या बायलॉजमध्ये बघा. हे काम आजच करा, सप्टेंबरची वाट बघू नका.

पर्वरीकर

सर छान लिहिलंत. आमचा प्रश्न उलटा आहे म्हणून मध्येच विचारतो, बिल्डिंगला चार वर्षं झाली तरी बिल्डरच सगळं चालवतोय आणि सोसायटी पुढच्या वर्षी करू म्हणतो. इथे मुदत मोजायची कुठून?

निवृत्त_लेखापरीक्षक

निवडणूकच झालेली नाही तर मुदत कसली. तुमचा प्रोजेक्ट रेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, रजिस्टर असेल तर २०१६ च्या रेरा कायद्यात लिहिलंय की निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरने संस्था स्थापन करायला मदत केली पाहिजे. दहाबारा फ्लॅटवाले एकत्र येऊन लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. बाकीचं वेगळं विचारा, इथे ताईंचा प्रश्न राहू दे.

खोर्ली_ए१०१

ताई तुम्ही लिफ्टचं लिहिलंत ते वाचून मला आमचं आठवलं. म्हापशाला आमच्या २४ फ्लॅट्सच्या सोसायटीत २०१९ ला टेरेसच्या वॉटरप्रूफिंगवरून भांडण झालं, वरच्या मजल्यावाल्यांचं म्हणणं पत्रे घाला, खालचे म्हणे आमच्या खिशातून का, आणि एका मीटिंगमध्ये सात पैकी पाच जणांनी रागाने राजीनामे दिले. दोघांनी कमिटी चालत नाही. मग खात्याकडून प्रशासक आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे अशा कितीतरी सोसायट्या, तो महिन्यातून एकदा यायचा, चेकवर सह्या करायचा, त्याचं मानधन पण आमच्याच फंडातून, आणि गळती दोन पावसाळे तशीच. माझ्या बेडरूमच्या स्लॅबचं प्लॅस्टर पडलं तेव्हा सुदैवाने खोलीत कोणी नव्हतं.

त्यानंतर मी खजिनदार झाले. चार्ज घेताना काय मिळालं माहितीये? एक शर्टाची पिशवी, त्यात तीन चेकबुकं आणि पासबुक. मिनिट बुक नाही, सभासद रजिस्टर अर्धवट, एफडीच्या पावत्या दोन मिळाल्या आणि बँकेत विचारल्यावर कळलं की चार आहेत, म्हणजे दोन एफडी असून आम्हाला पत्ताच नव्हता. लिफ्टचं लायसन्स मिळेना, सोक पिट म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा कुठे आहे ते सांगणारा वॉचमन काम सोडून गेलेला. सहा महिने नुसतं गोळा करण्यात गेले. म्हणून माझं म्हणणं असं की मुदत दोन वर्षं असो की पाच, खरा प्रश्न चार्ज कसा देतात घेतात याचा आहे. तुम्ही सेक्रेटरी होणार असाल तर पहिल्या दिवशी यादी करून जुन्या लोकांच्या सह्या घ्या. आणि चेकवर सही तीन जणांपैकी कुठल्याही दोघांची असा ठराव करून बँकेत द्या, हे तर निवडणुकीची वाट न बघता आजच्या कमिटीने पण करायला हवं, तुमच्या सासूबाईंसारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

अजून एक मनातलं. महिलांच्या दोन जागा आमच्याकडे वर्षानुवर्षं कागदावर भरलेल्या होत्या. नाव बायकोचं आणि मीटिंगला नवरा. मी पहिल्यांदा स्वतः जाऊन बसले तेव्हा एकाने विचारलं की भाऊ नाही आले का. तुम्ही जा, आणि स्वतः बसा.

डिचोलीचा_चेअरमन

मी इथे सहसा वाचतो, लिहीत नाही, पण आज लिहावंसं वाटलं कारण ज्या सरांबद्दल ताई लिहितायत तसाच मी एक आहे. चौदा वर्षं चेअरमन. लोकांना वाटतं खुर्ची सुटत नाही. ताई, माझ्या घरी येऊन बघा, रात्री साडेदहाला फोन येतो की पाणी आलं नाही, मी टॉर्च घेऊन टाकीवर चढतो, वय ७१. आमच्या ४० फ्लॅटपैकी १८ बंद असतात, मालक दिल्ली मुंबई नाहीतर गल्फला, चवथीला म्हणजे गणपतीत किंवा डिसेंबरात येतात आणि एसीचं पाणी खालच्यांच्या गॅलरीत पडतं तेवढ्यापुरते भांडून जातात. वार्षिक सभेला कोरम होत नाही, अर्धा तास थांबून तहकूब सभा घ्यायची आणि समोर तेच नऊ जण. निवडणुकीला सात जागांसाठी सात फॉर्म पण येत नाहीत. २०१२ पासून मी दरवेळी म्हणतो आता दुसरं कोणी बघा, सगळे माना खाली घालतात आणि शेवटी कोणीतरी म्हणतं काका तुम्हीच बरे.

मी आमच्या देवस्थानच्या कमिटीत पण होतो. तिथे तीन वर्षांची मुदत, निवडणूक मामलेदाराच्या देखरेखीखाली, आणि कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, पण तीनच वर्षं. तिथे माणसं मिळतात कारण पाच पिढ्यांचं नातं आहे, पालखीला आपण पुढे असावं असं प्रत्येकाला वाटतं. बिल्डिंगमध्ये तसं नातं व्हायला वेळ लागतो, माणसं आत्ता आत्ता शेजारी झालीयत. उद्या कायद्याने म्हटलं की दोन मुदतींनंतर उभं राहायचं नाही, तर माझ्या सोसायटीत दुसऱ्याच दिवशी प्रशासक येईल, म्हापशाच्या ताईंनी लिहिलं तसा. म्हणून मर्यादा घाला म्हणणाऱ्यांना माझी विनंती की आधी पुढचा माणूस तयार करा. मला काढा, खुशाल काढा, मी हार घेऊन येईन. पण टाकीची किल्ली कुणाच्या हातात देऊ ते सांगा.

मूळची_म्हार्दोळची

काका तुमचं वाचून बाबांची आठवण झाली, ते पण असेच टॉर्च घेऊन फिरायचे. मी गेली ११ वर्षं फ्लोरिडात टँपाजवळ राहते, इथे याला होमओनर्स असोसिएशन म्हणतात आणि मी आमच्या बोर्डवर आहे. इथली गंमत म्हणजे घरांच्या असोसिएशनला वेगळा कायदा आणि फ्लॅटच्या म्हणजे कॉन्डोच्या असोसिएशनला वेगळा. कॉन्डोच्या कायद्यात मर्यादा आहे, सलग आठ वर्षांहून जास्त बोर्डवर राहता येत नाही. पण काकांनी जी भीती सांगितली ती त्यांनी पण धरलीय, पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मतं त्याच माणसाला परत हवा म्हणून मिळाली तर चालतो, आणि जागा भरायला पुरेसे उमेदवारच नसतील तरी चालतो. म्हणजे चांगला माणूस असेल तर त्याला ठेवता येतं, फक्त माना खाली घालून नाही, तर मतं देऊन ठेवावं लागतं. मला ते आवडलं.

आमची घरांची असोसिएशन, तिथे मुदत बायलॉजमध्ये असते. आमच्याकडे पाच जण, दोन वर्षांची मुदत, पण सगळे एकदम बदलत नाहीत, एका वर्षी तिघांची मुदत संपते आणि पुढच्या वर्षी दोघांची. त्यामुळे नवीन आलेल्याला शिकवायला जुना कोणीतरी असतोच. मी आले तेव्हा मला तळ्याच्या पंपाचं काहीच माहीत नव्हतं, शेजारच्या आजोबांनी वर्षभर दाखवलं आणि मग ते सुटले. अजून एक आहे, निवडून आल्यावर ९० दिवसांच्या आत नवीन मेंबरला बोर्डाच्या कामाचं शिक्षण घेऊन सर्टिफिकेट द्यावं लागतं. आधी मला वाटलं कशाला हा त्रास, पण त्या तासांत मला कळलं की रिझर्व्हचे, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले, पैसे रोजच्या खर्चाला वापरायचे नसतात, आणि इतकी साधी गोष्ट आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हती.

गोव्यात हे तसंच्या तसं होणार नाही माहितीये. पण तिघं आणि दोघं ही कल्पना काही करून वापरता येईल का, लेखापरीक्षक काका?

निवृत्त_लेखापरीक्षक

चांगलं विचारलंस बाय. आपल्याकडे कंपनी कायद्यात असं आहे, पब्लिक कंपनीत फिरते संचालक असतात त्यांच्यातले एक तृतीयांश दरवर्षी निवृत्त होतात. सहकारात मात्र पूर्ण मंडळाची मुदत एकदम सुरू होते आणि एकदम संपते, निवडणूक पण एकदमच. त्यामुळे कायद्याने फिरतं करता येत नाही.

पण कायदा पदाच्या वाटणीच्या आड येत नाही. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांना निवडते कमिटी. समजा सात जण निवडून आले आणि पहिल्याच मीटिंगला ठरलं की अडीच वर्षांनी चेअरमनने पदाचा राजीनामा द्यायचा, कमिटीत राहायचं, आणि दुसऱ्याला निवडायचं, तर त्यात काही बेकायदेशीर नाही. फोंड्याच्या ताईंच्या सरांच्या बाबतीत मला हेच योग्य वाटतं. त्यांना पहिली अडीच वर्षं साधा सदस्य म्हणून ठेवा, टाकी वॉल्व्ह सोक पिट हे त्यांचं खातं, नवा चेअरमन दुसरा. हा ठराव बायलॉजमध्ये घालू नका, वार्षिक सभेत सगळ्यांनी मान्य केलेली रीत म्हणून मिनिट बुकात लिहा. ती कोर्टात टिकवायला नाहीये, एकमेकांना आठवण द्यायला आहे.

डिचोलीच्या काकांना एवढंच सांगतो की माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या अफरातफरी फार थोड्या, त्याच्या कितीतरी पट सोसायट्या चांगल्या माणसाच्या आजारपणाने नाहीतर मरणाने बंद पडलेल्या पाहिल्या. एका ठिकाणी चेअरमन गेले आणि त्यांच्या पत्नीला, बिचारीला बाराव्याच्या आधी लोक कपाटाच्या चाव्या मागायला गेले. तुम्ही ७१ वर्षांचे आहात, टाकीवर चढू नका. येत्या सभेत कुणा एकाला तुमच्याबरोबर लावून घ्या, पद नसलं तरी चालेल. घटनादुरुस्तीत दोन जादा सदस्य सहयोजित करायची, म्हणजे निवडणुकीशिवाय कमिटीत घ्यायची, सोय होती, निवडणुकीत मत नसलेले पण मीटिंगला बसणारे, तुमच्या बायलॉजमध्ये तसं कलम असेल तर त्याचा उपयोग तरुण माणूस शिकवायला करा.

आणि सगळ्यांसाठी, मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. निवडणूक मुदत संपायच्या आधी व्हायला हवी, त्यासाठी कमिटीने ठराव करून निबंधकाला वेळेत कळवायचं, तिथून निवडणूक अधिकारी नेमला जातो. सहा महिने हातात ठेवा. मतदार यादी करताना थकबाकीदारांची नावं, मेलेल्या सभासदांचे वारस, विकलेले फ्लॅट हे सगळं एकदम वर येतं आणि तिथेच वेळ जातो. हिशोब ३१ मार्चला बंद, सहा महिन्यांत ऑडिट आणि वार्षिक सभा म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, आणि ताई तुमची मुदत पण त्याच महिन्यात, त्यात चवथ. जूनमध्ये सुरू केलंत तर झेपेल.

फोंडा_बी३०४

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

पहिलं म्हणजे सासऱ्यांनी आणि नवऱ्याने दोघांनी सह्या करून माझं नाव सभासद म्हणून घ्यायचा अर्ज दिला. सासरे म्हणाले माझं वय झालं, पहिलं नाव तुझंच लावू, बायलॉजमध्ये पहिल्या नावाला मत आहे. मला अपेक्षा नव्हती.

सरांशी बोलायला मी आणि ए ब्लॉकमधल्या एक बाई अशा गेलो. सरांना वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. लिफ्टचा विषय काढल्यावर ते गप्पच झाले, चहा पण थंड झाला, आणि आम्ही खाली मान घालून परत आलो. दोन दिवस मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी वॉचमनच्या हाताने त्यांनी एक शाळेची दोनशे पानी वही पाठवली. त्यात २०१५ पासूनचं सगळं आहे, टाकी कधी साफ केली, पंप कुणी दुरुस्त केला आणि किती घेतले, सोक पिटचं झाकण सी ब्लॉकच्या जांभळाच्या झाडापासून किती पावलांवर आहे त्याची आकृतीसकट. शेवटच्या पानावर कमिटीत कोण कोण येऊ शकेल अशी नऊ नावं लिहिलेली होती, तारीख २०१९ ची. माझ्या नवऱ्याचं नाव चौथं होतं. त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्याने पण कधी कुणाला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सर स्वतः आले. लेखापरीक्षक काकांनी सांगितलं तसंच ठरलं, ते सदस्य म्हणून उभे राहतील, पाण्याचं बघतील, चेअरमन नाही आणि चेकवर सही पण नाही. अडीच वर्षांनी पदं बदलायची हे वार्षिक सभेपुढे ठेवणार आहोत. चेकसाठी तिघांपैकी दोघांच्या सहीचा ठराव आत्ताच्या कमिटीने मागच्या रविवारी केला, बँकेने तिघांचे केवायसी कागद मागितलेत, ते दिले. निबंधकाच्या ऑफिसला पत्र गेलं, पोच घेतली.

सात जागांसाठी सहा नावं झालीत. त्यात मी आणि ए ब्लॉकच्या त्या बाई, खोर्लीच्या ताई, आम्ही दोघी स्वतः बसणार. सातव्यासाठी बी ब्लॉकच्या एका मुलाला विचारलंय, तो वेर्ण्याला शिफ्टमध्ये असतो, मीटिंग रविवारी सकाळी ठेवली तर येईन म्हणाला.

एकच विचारायचं राहिलं. जुना सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला गेलाय. चार्जच्या यादीवर त्याची सही नसली तर चालेल का, की सरांची आणि खजिनदारांची पुरे?

निवृत्त_लेखापरीक्षक

तिघांचीही घ्या. पुण्याला यादी कुरियरने पाठवा आणि सही केलेली मूळ प्रत मागवा, फोटोवर भागवू नका. एफडीच्या पावत्यांचे नंबर पावती समोर ठेवून दोघींनी मिळून वाचून लिहा, एक वाचणार आणि एक लिहिणार. सरांच्या वहीची झेरॉक्स काढून एक प्रत दप्तरात लावा आणि मूळ वही त्यांना परत द्या.

डिचोलीचा_चेअरमन

ताई, मी पण एक वही आणली आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते, पणजीला नोकरी करते, ती शनिवारी माझ्याबरोबर टाकीपाशी आली होती. शिडीवर तीच चढली, मी खाली उभा राहून कुठला वॉल्व्ह कुठे ते सांगितलं.